टाकी सोसायटीची, माणूस ठेकेदाराचा. जबाबदारी कोणाची?

चौथा_मजला
रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत सेप्टिक टाकी उपसण्याचा विषय होता. दोन कोटेशनं आली होती. एकात फक्त सक्शन गाडी, लागतील तेवढ्या फेऱ्या. दुसऱ्यात गाडीची एकच फेरी आणि "तळ साफ करायला दोन माणसं". दुसरं बरंच स्वस्त होतं. मी विचारलं, ही दोन माणसं तळाशी पोचणार कशी? सेक्रेटरी म्हणाले, "तो ठेकेदाराचा प्रश्न आहे. आपण कामाचे पैसे देतो." मग पुढचा विषय पार्किंगचा.

मला हे अजिबात पटलेलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीला एका खाजगी सोसायटीच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून गेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला झाला. त्या टाकीवरही कोणीतरी आधी म्हणालंच असेल, तो ठेकेदाराचा प्रश्न आहे म्हणून. माझं म्हणणं सरळ आहे: स्वस्त कोटेशनवर सही करणारा त्या दोन माणसांना आत उतरवतो. हात ठेकेदाराचा असेल, निर्णय आपला असतो.

जुना_सेक्रेटरी
अकरा वर्षं कमिटीत काढली, म्हणून विरुद्ध बाजूनं लिहितो. कमिटीतला माणूस दिवसभर नोकरी करून रात्री नऊला सह्या करतो, एक पैसाही न घेता. त्याला वायू, दोर, मास्क यातलं काय कळतं? कळत नाही म्हणूनच तर आपण जाणकार माणसाला काम देतो. घरचं वायरिंग करताना इलेक्ट्रिशियनला शॉक बसला तर घरमालकाला आत टाकणार का? उद्या गुन्हा सेक्रेटरीवर दाखल होऊ लागला तर कमिटीत कोणी उभंच राहणार नाही. आत्ताच माणसं हातापाया पडून आणावी लागतात.

आणि महापालिका कुठे आहे या सगळ्यात? मैला उपसणाऱ्यांना परवाना देणं, गाड्या तपासणं, पुरेशा गाड्या ठेवणं हे तिचं काम. ते सोडून बिनपगारी माणसाच्या मानेवर सुरी ठेवायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

कोर्टाची_पायरी
भावना दोघांच्याही समजतात, पण कायदा काय म्हणतो ते बघू, कारण इथे बहुतेकांची गफलत होते.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात ठेकेदाराच्या कामगारासाठी मुख्य मालकाला धरणारं कलम १२ होतं. (तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.) पण त्यात एक अट होती: काम मालकाच्या धंद्याचा भाग असायला हवं. सोसायटी धंदा करत नाही, त्यामुळे वकिलांना तिथे वाद घालायला जागा मिळायची. जुना_सेक्रेटरींच्या म्हणण्याला तेवढ्यापुरता आधार आहे.

सेप्टिक टाकीला मात्र वेगळा कायदा लागतो, २०१३ चा, हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा. त्याच्या कलम ७ नुसार कोणीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावू शकत नाही, "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष". धोकादायक म्हणजे संरक्षक साधनं न देता, सुरक्षेचे नियम न पाळता हातानं केलेली सफाई. सगळी मेख "अप्रत्यक्ष" या एका शब्दात आहे. मध्ये ठेकेदार घातला म्हणून सुटका नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. इलेक्ट्रिशियनचं उदाहरण इथे लागू होत नाही, कारण वायरिंग करायला बंदी नाही.

मस्कतकर
मी ओमानमध्ये रिफायनरीत सेफ्टीचं काम करतो, मूळचा चिपळूणचा. "कमिटीला काय कळतं" या मुद्द्यावर लिहितो, कारण कळायला हवं ते फार थोडं आहे.

टाकीत मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. दुसरा हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. वरची साय मोडली, गाळ ढवळला की एकदम सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणतात ते खरं, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे वायू गेला असं समजून माणूस पायरी उतरतो. आमच्या गावाकडे विहिरीत कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. टाकीवर ती रीत जीवघेणी आहे. मिथेन पेट घेतो, आणि कंदील जळत राहिला तरी हायड्रोजन सल्फाइड नाही असं सिद्ध होत नाही.

पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार जण जातात ते यामुळे. मैलाच असायला हवा असंही नाही. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पाण्याच्या टाकीत चार कामगार गेले.

आमच्याकडे लेखी परमिटशिवाय झाकण उघडत नाही. मीटरनं हवा तपासायची, ब्लोअर लावायचा, आत जाणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोर, वर तिवई, आणि एक माणूस फक्त झाकणापाशी उभा. तो चहालासुद्धा हलत नाही. सेक्रेटरीनं मीटर वाचायला शिकायची गरज नाही. पण "मीटर कुठाय?" हे विचारायला कुठलं शिक्षण लागतं?

गाडीवाला_नगर
माझ्या दोन सक्शन गाड्या आहेत. सगळे ठेकेदाराला धरताय म्हणून बोलतो. मी कोटेशनमध्ये "माणूस आत उतरणार नाही" असं लिहितो आणि तीन-चार फेऱ्या लावतो. मग फोन येतो, "शेजारच्या बिल्डिंगनं निम्म्यात करून घेतलं, तुम्ही लुटताय." निम्म्यात करणारा कसा करतो ते विचारत कोणी नाही. नाक्यावरून दोन पोरं उचलतो, संध्याकाळी हातावर पैसे. ती पोरं त्याच्या हजेरीवर नसतात, कोणाच्याच नसतात. कुठल्या वस्तीतली असतात तेही सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच कोणाला काही वाटत नाही.

माझा चुलतभाऊ असाच गेला, मी धंद्यात यायच्या आधी. पोलिसांत त्याचं नाव सांगायला ठेकेदार आला नाही. सोसायटीचा वॉचमन आला.

जुना_सेक्रेटरी
गाडीवाला, तुमचं वाचून काही वेळ हात चालेना. कोर्टाची_पायरींचं "अप्रत्यक्ष" मला खरंच माहीत नव्हतं, आणि अकरा वर्षांत तीनदा टाकी उपसून घेतली आहे. त्या वेळी आत कोण उतरलं होतं, मला सांगता येणार नाही.

तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. सोसायटीला दोषी धरायचं तर आधी तिला सांगा. निबंधक कार्यालयाची पत्रं ऑडिटसाठी येतात, निवडणुकीसाठी येतात. टाकीबद्दल एकही आल्याचं मला आठवत नाही. महापालिकेनं परवानाधारक गाड्यांची यादी प्रत्येक इमारतीच्या फलकावर लावायला लावली, तर निम्म्यातला ठेकेदार आपोआप मागे पडेल. एकट्या सेक्रेटरीला तुरुंगात घालून तो मागे पडणार नाही, दुसऱ्या गल्लीत जाईल.

चौथा_मजला
यादीचं बरोबर आहे, महापालिकेला तसं पत्र मी लिहितो. पण ती लागेपर्यंत आमची टाकी थांबणार नाही, पंधरा दिवसांत भरून वाहील. म्हणून स्वस्त कोटेशन परत करा असा अर्ज आज कमिटीला दिला. वर्क ऑर्डरमध्ये तीन ओळी मागितल्या आहेत: कोणीही आत उतरणार नाही, काम संपेपर्यंत कमिटीतला एक जण झाकणापाशी उभा राहील, तळाचा गाळ निघाला नाही तर तो राहू द्यायचा, पैसे कापायचे नाहीत. तिसऱ्या ओळीवर खजिनदार अडले आहेत.

गाडीवाला_नगर
तिसरी ओळ सोडू नका, पोरं तिथेच उतरवली जातात. गाळ घट्ट असेल तर आधी जेटिंगनं पाणी मारून सैल करायचा, मग ओढायचा. एक फेरी जास्त लागते, पण निघतो. तुमचं गेट किती रुंद आहे, आणि टाकी गेटपासून किती लांब? पाइप जोडता येतो.

चौथा_मजला
गेट साडेनऊ फूट. टाकी मागच्या बाजूला आहे, अंतर उद्या टेपनं मोजून सांगतो.