एनपी की पीए? नर्सिंगची पदवी नसताना अमेरिकेत कोणता रस्ता धरावा

शर्वरी

अमेरिकेतच बायोलॉजीत बॅचलर्स झालं आहे, जीपीए ३.४. सध्या एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट म्हणून पूर्णवेळ काम करते. पेशंट तपासणं, निदान करणं, औषधं लिहून देणं हे काम करायचं आहे, पण मेडिकल स्कूल आणि रेसिडेन्सी मिळून किमान सात वर्षं घालवायची तयारी नाही. त्यामुळे नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) किंवा फिजिशियन असिस्टंट (पीए), यांपैकी एक.

माहीतगारांना विचारायचं आहे ते असं: माझ्यासारखीला कोणतं लवकर होईल? पुढे स्पेशालिटी बदलावीशी वाटली तर कशात सोपं? आम्ही टेक्सासमध्ये राहतो, इथे पुढेमागे स्वतःचं क्लिनिक काढता येईल का? पगारात खरंच फरक पडतो का? आणि माझ्या वहिनीने भारतात एमबीबीएस केलंय, ग्रीन कार्ड आहे. तिला पीएचा कोर्स कमी वेळात करता येतो असं कुणीतरी सांगितलं, ते खरं आहे का?

टाका

शर्वरी, तुमच्या बाबतीत वेळेचा हिशेब पीएच्या बाजूने जातो.

पीएचा कोर्स साधारण २७ महिन्यांचा. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष वर्गात, मग रोटेशन्स, म्हणजे एकेका विभागात प्रत्यक्ष पेशंट बघत शिकणं: फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, इमर्जन्सी, सर्जरी, पीडिॲट्रिक्स, विमेन्स हेल्थ, बिहेवियरल हेल्थ. क्लिनिकलचे तास २,०००च्या आसपास. शेवटी लायसन्ससाठीची पॅन्सी परीक्षा: ३०० प्रश्न, ६०-६० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास. एनपी व्हायचं तर आधी आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हावं लागतं, त्याला पर्याय नाही. तुमच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी असल्यामुळे ॲक्सिलरेटेड बीएसएन (जलद नर्सिंग पदवी) १२ ते १८ महिन्यांत होईल. मग एनक्लेक्स-आरएन ही नर्सिंग लायसन्सची परीक्षा, आणि त्यानंतर मास्टर्सची दोन-तीन वर्षं. शिवाय अक्यूट केअरचे (गंभीर आजारी पेशंटसाठीचे) बरेच कोर्स एक-दोन वर्षांचा आयसीयूचा अनुभव मागतात.

मेडिकल असिस्टंटचं काम कॅस्पाच्या (पीए कॉलेजांसाठीच्या सामायिक ऑनलाइन) अर्जात पेशंट केअर एक्स्पीरियन्स म्हणून दाखवता येतं, ही तुमची मोठी जमेची बाजू. मात्र कामाचं वर्णन नेमकं लिहा. व्हायटल्स घेणं, इंजेक्शन देणं, ईसीजी काढणं, रक्त काढणं हे पेशंट केअरमध्ये धरतात. अपॉइंटमेंट देणं, इन्शुरन्सची फोनाफोनी हे नाही. दोन्ही करत असाल तर तास वेगवेगळे मांडा, सगळे एका खात्यात ढकलू नका. बरीच कॉलेजं किमान १,००० तास मागतात आणि प्रवेश मिळालेल्यांचे तास त्याहून खूप जास्त असतात.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा प्रीरिक्विझिटवर, म्हणजे आधी झालेले असायला हवेत अशा विषयांवर. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी लॅबसकट हवी, मायक्रोबायोलॉजी हवी, स्टॅटिस्टिक्स हवं. काही ठिकाणी पाच, काही ठिकाणी दहा वर्षांपूर्वीचे कोर्स ग्राह्य धरत नाहीत. अर्ज वसंतात सुरू होतात आणि पुष्कळ कॉलेजं आलेले अर्ज तसतसे तपासून जागा भरत जातात. शेवटच्या तारखेला पाठवलेला अर्ज वेळेत असतो, पण जागा उरलेल्या नसतात.

आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा: पीए शिकताना नोकरी करता येत नाही. बहुतेक कॉलेजं मनाईच करतात, आणि नाही केली तरी वेळापत्रक करू देत नाही.

रात्रपाळी

वेळेचं वरचं गणित बरोबर आहे. पण एनपीची बाजू मांडायला हवी, कारण आरएन झालात की त्या दिवसापासून पगार सुरू होतो आणि मास्टर्स पार्ट-टाइम करता येतं. पीएमध्ये सव्वादोन वर्षं कमाई शून्य. तुमच्यावर घर चालत असेल तर हा फरक फार मोठा आहे.

दोन्ही पेशे १९६५ सालचेच. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी एनपीचा पहिला कोर्स काढला. त्याच वर्षी ड्यूकमध्ये डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या कोअरमनना (वैद्यकीय सहाय्यकांना) घेऊन पीए शिकवायला सुरुवात केली. एक मुळातून नर्सिंगमधला, दुसरा डॉक्टरी शिक्षणाच्या धर्तीवरचा. आजही दोघांची लायसन्स त्याच पायावर उभी आहेत.

एनपीचं लायसन्स एका ठरावीक पेशंट-गटाला बांधलेलं असतं: फॅमिली, अडल्ट-जेरोंटॉलॉजी, पीडिॲट्रिक्स, निओनेटल, विमेन्स हेल्थ, सायकिॲट्रिक. त्यातही अडल्ट आणि पीडिॲट्रिक्समध्ये प्रायमरी केअर वेगळं आणि अक्यूट केअर वेगळं. इथेच लोक फसतात. 'फॅमिलीत सगळे वयोगट येतात, मग कुठेही चालेल' असं समजून एफएनपी (फॅमिली एनपी) करतात आणि आयसीयू किंवा हॉस्पिटलिस्ट (हॉस्पिटलात दाखल पेशंट बघणाऱ्या) टीममध्ये अर्ज टाकतात. एफएनपीचं प्रशिक्षण प्रायमरी केअरचं. अस्थिर पेशंट, व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन हे त्यात बसत नाही, आणि कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी हॉस्पिटलची क्रेडेन्शियलिंग कमिटी नेमकं तेच बघते. मग नोकरी सांभाळून पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट, पुन्हा क्लिनिकल तास, पुन्हा बोर्डाची परीक्षा. तेव्हा कोणते पेशंट बघायचे हे पक्कं होईपर्यंत एनपीला नाव घालू नका.

प्रिसेप्टरचंही, म्हणजे प्रत्यक्ष कामात हाताखाली शिकवणाऱ्याचंही, तसंच. एनपीच्या अनेक कॉलेजांत, विशेषतः ऑनलाइन, प्रिसेप्टर विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो. पुरेसे तास भरले नाहीत तर पदवी लांबते. किमान तास ५०० होते, २०२२च्या नव्या मानकांत ते ७५० केले. प्रवेशाआधी कॉलेजला लेखी विचारा: प्रिसेप्टर तुम्ही देता की मी शोधायचा? पीएच्या मान्यतेच्या नियमांत हे ओझं विद्यार्थ्यावर टाकायलाच बंदी आहे. या बाबतीत पीएचं शिक्षण सरस आहे, हे एनपींनीही मान्य करायला हवं.

ऑनलाइन कोर्स तुमच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना घेऊ शकतो का, हेही आधी बघा. आणि आरएनचं कॉम्पॅक्ट (अनेक राज्यांत चालणारं) लायसन्स असलं तरी एनपी म्हणून दुसऱ्या राज्यात काम करायला त्या राज्याचं वेगळं लायसन्स लागतंच.

टाका

स्पेशालिटी बदलण्याबद्दल: पीएचं लायसन्स जनरल असतं. ऑर्थोपेडिक्समधून डर्मॅटॉलॉजीत जायला नवी पदवी किंवा नवी परीक्षा लागत नाही. पण कागदावर जितकं सोपं तितकं बाजारात नाही. पाच वर्षं गुडघे पाहिलेल्या पीएला कार्डिऑलॉजीवाले नवख्याच्याच पगारावर घेतात, आणि पहिले सहा महिने तरी शिकण्यात जातात. शिवाय दर दोन वर्षांनी १०० सीएमई (चालू वैद्यकीय शिक्षणाची) क्रेडिट्स आणि दर दहा वर्षांनी रीसर्टिफिकेशन, तेही जनरल मेडिसिनवर. एनपींना पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, बहुतेक जण ते कामाचे तास आणि सीई (चालू शिक्षण) दाखवून करतात.

सर्जरीची ओढ असेल तर पीएच करा. रोटेशन सक्तीचं असल्यामुळे स्क्रब होणं, रिट्रॅक्शन, शिवण हे शिकतानाच हातात बसतं. एनपीला सर्जनच्या मदतीला फर्स्ट असिस्ट म्हणून उभं राहायला पुष्कळ हॉस्पिटलं आरएनएफएचा (नर्सेससाठीचा फर्स्ट असिस्टचा) वेगळा कोर्स मागतात.

हिशेबनीस

पगार. मे २०२३च्या सरकारी आकडेवारीत पीएचा मध्यम वार्षिक पगार १,३०,०२० डॉलर आणि एनपीचा १,२६,२६० डॉलर. या फरकावर करिअर ठरवू नये, स्पेशालिटी आणि राज्य यांनी पडणारा फरक याच्या कैक पट आहे. २०२३ ते २०३३मधल्या वाढीचा अंदाज एनपीसाठी ४६ टक्के, पीएसाठी २८ टक्के.

मालकाच्या डोक्यात काय चालतं ते कळण्यासाठी बिलिंग समजून घ्या. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) एनपी आणि पीए दोघांनाही डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतं. 'इन्सिडेंट टू' या नियमाखाली डॉक्टरांच्या नावाने बिल गेलं तर १०० टक्के मिळतात, पण अटी कडक आहेत. उदाहरण घ्या. ब्लड प्रेशरचा जुना पेशंट आहे, उपचार डॉक्टरांनी ठरवलेत, डॉक्टर त्याच क्लिनिकमध्ये हजर आहेत आणि तुम्ही फॉलो-अप केलात: हे बसतं. तोच पेशंट उठता उठता म्हणाला, 'गेला आठवडाभर गुडघा सुजलाय', आणि तुम्ही तोही तपासून औषध दिलंत: नवी तक्रार आली, आता ती भेट तुमच्या नावाने, ८५ टक्क्यांनी. तरीही डॉक्टरांच्या नावाने बिल लावणारी क्लिनिकं असतात. ऑडिट झालं की पैसे परत करावे लागतात, आणि चार्टवर सही तुमची असते. मुलाखतीत 'बिल कुणाच्या नावाने जातं' हे जरूर विचारा.

करारात मालप्रॅक्टिस इन्शुरन्सचा प्रकार पाहा. 'क्लेम्स-मेड' (पॉलिसी चालू असताना आलेलेच दावे भरणारा) असेल तर नोकरी सोडल्यावर टेल कव्हरेज (जुन्या कामावर नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा) लागतं. ते कोण भरणार हे करारात नसेल तर ते तुमच्याच गळ्यात पडतं.

कर्ज: फेडरल विद्यार्थी कर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना नाही. २०२५च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज) बंद. ग्रॅज्युएट कोर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर ही मर्यादा आहे, प्रोफेशनल गटाला ५०,००० आणि २ लाख. तुमचा कोर्स कोणत्या गटात धरतात हे फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या, कारण वरची रक्कम खासगी कर्जातून उभी करावी लागेल.

शर्वरी

सगळ्यांचे मनापासून आभार. टेक्सासमधल्या क्लिनिकचं आणि वहिनीचं तेवढं राहिलं.

रात्रपाळी

टेक्सासमध्ये दोघांनाही डॉक्टर लागतोच. एनपीला औषधं लिहायची तर डेलिगेटिंग फिजिशियनबरोबर प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी ॲग्रीमेंट करावं लागतं, पीएला सुपरवायझिंग फिजिशियन लागतो. एक डॉक्टर जास्तीत जास्त सात पूर्णवेळ एनपी-पीएंना असा अधिकार देऊ शकतो, हॉस्पिटलसारख्या काही ठिकाणी ही मर्यादा नाही. शेड्यूल दोनची (कडक नियंत्रणातली) औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिस (अखेरच्या आजारातली देखभाल) सोडून लिहिता येत नाहीत. क्लिनिक काढणारा एनपी त्या डॉक्टरला दरमहा फी देतो, ठरल्याप्रमाणे चार्ट दाखवतो, बैठका घेतो. खरा धोका पुढे आहे: तो डॉक्टर निवृत्त झाला किंवा त्याने करार मोडला तर त्या दिवसापासून प्रिस्क्रिप्शन बंद. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचं नाव पर्यायी म्हणून करारात आधीच घालून ठेवतात.

शेजारच्या न्यू मेक्सिकोत एनपीला हे काहीच लागत नाही. अशी पूर्ण मुभा निम्म्याहून जास्त राज्यांत आहे. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तास भरल्यावर लेखी कराराची अट सुटते. पीएंना नॉर्थ डकोटा, युटा, वायोमिंग यांसारख्या मोजक्या राज्यांनी मोकळीक दिली आहे. स्वतःचं क्लिनिक हेच पहिलं उद्दिष्ट असेल आणि राज्य बदलायची तयारी असेल तर एनपी. टेक्सासमध्येच राहायचं असेल तर या मुद्द्यावर निवड करू नका, इथे दोघं जवळपास सारखेच अडतात.

टाका

वहिनींबद्दल: नाही. पॅन्सीला बसायला एआरसी-पीएची (पीए कोर्स तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या इथल्याच कोर्सची पदवी लागते. एमबीबीएसमुळे वर्षं कमी होत नाहीत, पूर्ण कोर्स पहिल्यापासून करावा लागतो. भारतातल्या ट्रान्स्क्रिप्टचं इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागेल आणि बरीच कॉलेजं प्रीरिक्विझिट अमेरिकन कॉलेजातूनच मागतात, म्हणजे ॲनाटॉमी पुन्हा. एमबीबीएसनंतर किती वर्षं गेली हे पाहा. फार झाली नसतील तर त्यांनी आधी यूएसएमएलई (डॉक्टरी लायसन्सच्या परीक्षा) आणि ईसीएफएमजी (परदेशी डॉक्टरांना लागणारं प्रमाणपत्र) यांचा विचार करावा. मधे मोठा खंड पडला असेल तर रेसिडेन्सी मिळणं अवघड होतं, तेव्हा पीए हा चांगला पर्याय आहे. त्यांनी कम्युनिटी कॉलेजात लॅबसकट एक-दोन विषय घेऊन सुरुवात करावी, आणि त्या आधी पाच-सहा कॉलेजांच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून 'परदेशी वैद्यकीय पदवी असलेले अर्ज तुम्ही घेता का' हे विचारून घ्यावं. काही कॉलेजं आनंदाने घेतात, काही अर्ज उघडतही नाहीत, आणि कॅस्पाची फी दर कॉलेजमागे वेगळी लागते.