मराठवाड्याचं स्वतःचं गाण्याचं घराणं होतं का?

परभणीचा_पोरगा:
विशारदची तयारी करायलो. क्लासमधे ग्वाल्हेर, किराणा, आग्रा, जयपूर सगळं पाठ झालं. सहज विचारलं आपल्याकडचं कोणतं, तर पोरं हसायली. खरंच काहीच नव्हतं का राव?

जुना_तंबोरा:
हसणाऱ्यांना विचार, पेपरला शारंगदेव कुठला लिहिता? देवगिरीचा! म्हणजे आपला दौलताबाद, जिथं आपण सहलीला जाऊन तोफ बघतो नि परत येतो. आजोबा काश्मीरहून इकडं आलेले, वडील सोढल यादवांच्या नोकरीत, आणि हा पठ्ठ्या १३ व्या शतकात सिंघण राजाकडं हिशेबाच्या खात्यावर. जमाखर्च सांभाळून 'संगीत रत्नाकर' लिहिला, सात अध्याय, २६४ राग. त्यातली सारणी, म्हणजे श्रुती (कानाला कळणारा स्वरांमधला सगळ्यात बारीक फरक) पडताळायची रीत, एकदा नीट वाच. २२-२२ तारांच्या दोन सारख्या वीणा, एक तशीच ठेवायची, दुसरीचे स्वर एकेक श्रुती उतरवत जायचे. दुसऱ्या फेरीत ग, नि हे स्वर जाऊन रे, ध ला मिळतात, तिसरीत रे, ध हे सा, प ला, चौथीत सा, म, प जातात अनुक्रमे नि, ग, म या स्वरांवर. श्रुती बावीसच का, ते कानानं कळतं.

अंबानगरी:
तंबोरा दादा, ते शास्त्र झालं. रचना म्हणाल तर आमचे दासोपंत (१५५१-१६१५). लोकांना फक्त पासोडी माहीत, २४ हात लांब कापडावर लिहिलेली, पण त्यांचा 'पदार्णव' आहे त्यात पदांवर राग दिलेत. सव्वा लाख पदं म्हणतात, ते सोडा, रागात बांधून पदं रचणारा माणूस अंबाजोगाईत बसलेला होता हे क्लासमधे सांगत कुणीच नाही.

जुना_तंबोरा:
बरोबर. आणि पोरा, घराणं हा प्रकारच फार नंतरचा, तो इथं हुडकशील तर हाती काय लागणार. गुरु-शिष्य मात्र होतेच की, नांदेडला अण्णासाहेब गुंजकर, त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर, २०२१ ला गेले. आमच्या पिढीनं त्यांना समोर बसून ऐकलंय, मैफल संपली तरी उठावं वाटायचं नाही.

परभणीचा_पोरगा:
भारी! सारणी सोप्या मराठीत कुठं मिळंल? वीणा नाही, दोन तानपुऱ्यांवर जमंल का?

जुना_तंबोरा:
चार तारांवर २२ श्रुती कशा बसवशील बाबा, स्वरमंडळ (पुष्कळ तारांचं वाद्य) बघ कुणाकडं मिळतं का. दोन लागतील.