कारवान कुत्र्याचं पोट नाजूक आहे, पाकिटावरून घरच्या जेवणावर कसं आणू?

मणेराजुरीकर: नमस्कार मंडळी. आमचा शिवा, कारवान जातीचा कुत्रा, 3 वर्षांचा, 22 किलो. पाकिटातलं खाणं जरा बदललं की शी पातळ, कधी आव पडते. जंताचं औषध वेळेवर असतं, शी तपासली तर काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, घरचं शिजवून देऊन बघा. वडिलांचं म्हणणं, उद्यापासूनच चिकन-भात घाला. मला धीर होत नाही. आणि ज्वारीची भाकरी चालेल का?

कुपवाडचा गडी: भाकरी-दूध घाला की. आमची सगळी त्यावरच वाढली.

मिरजेची ताई: दादा, दूध नको. वाढ झालेल्या कुत्र्यांना बहुतेक वेळा ते पचत नाही, आणि शिवाचं पोट तर आधीच हळवं.

एकदम बदलूही नका. आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात, त्यांना वेळ लागतो. धडधाकट कुत्र्याला आठ-दहा दिवस पुरतात, शिवासाठी दोन-तीन आठवडे धरा. आधी तीन वाटे जुनं, एक वाटा नवं. शी घट्ट राहिली तरच अर्धं-अर्धं. पातळ झाली की एक पायरी मागं.

सुरुवातीला एकच मांस, एकच धान्य. कातडी आणि हाडं काढलेलं चिकन नुसत्या पाण्यात शिजवा, मीठ-मसाला काही नाही. भात अगदी गिजगा करा. पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीचा पांढरा थर धरतो, तो चमच्यानं उचलून टाका. नाजूक पोटाला त्या चरबीचाच त्रास जास्त. सोबत उकडलेला लाल भोपळा दोन चमचे. भाकरी महिनाभरानं, भिजवून, थोडी थोडी. तेव्हा दुसरं काही नवं देऊ नका, म्हणजे बाधलं तर कशानं ते कळेल.

पोट सुधारलं म्हणून नुसत्या चिकन-भातावरच ठेवू नका, हे मनापासून सांगते. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर ते हाडांतून ओढतं. अंड्याच्या टरफलांची मऊ पूड चालते, एका लहान चमच्यात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम येतं. रोज किती घालायची ते वजन सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्या, बाकीच्या जीवनसत्त्वांचंही विचारा.

आणि तुमच्या मणेराजुरीत द्राक्षं, म्हणजे बेदाणाही असणार. त्यानं कुत्र्यांची किडनी बंद पडते. किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असं 2021 पासून मानतात. तेच चिंचेत असतं, म्हणून आमटीही नको. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा रस्सा तर नकोच.

मणेराजुरीकर: ताई, शेडवर बेदाणा निवडायचं काम चालू असलं की हा तिथंच लोळत असतो. खाली पडलेला एखादा मणी खाल्ला तर?

मिरजेची ताई: उलटी-बिलटीची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन. पहिल्या दोन तासांत उलटी करवली तर बरंच विष बाहेर पडतं. पण ती डॉक्टरांनीच करवायची, घरी मीठ-पाणी पाजू नका. काम चालू असेपर्यंत त्याला घराकडं बांधा.

शिरवळचा विद्यार्थी: ताईंचं बरोबर आहे. एक जोडतो: शीमध्ये रक्त दिसलं, दोन-तीनदा उलटी झाली किंवा पाणी पिणं सोडलं, तर खाणं बदलायचं थांबवून त्याच दिवशी दाखवा. आणि कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या एरवीही दिसतात, त्यावरून बारीक झाला म्हणून जास्त घालू नका. आठवड्याला वजन करा.