मदत हवी आहे : स्वतःला माफ कसं करायचं?

आई जाऊन आठ महिने झाले. शेवटच्या आठवड्यात एका रात्री तिनं तिसऱ्यांदा उठवलं, तेव्हा मी खेकसले, "अगं, झोपू दे ना जरा!" ती काहीच बोलली नाही, कूस बदलून पडून राहिली. भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही ते आठवतं आणि पोटात कालवाकालव होते.

समुपदेशक ताईंनी आत्मकरुणा सुचवली. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये तिचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं वागणं, चुका आणि दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतात हे ओळखणं, आणि दुखणं न दाबता, न फुगवता त्याच्याकडे बघणं. गृहपाठ असा, की मैत्रिणीकडून हे घडलं असतं तर तिला जे म्हटलं असतं ते स्वतःला लिहायचं. मैत्रिणीला मी लगेच लिहीन, बाई गं, दीड वर्षं एकटीनं सगळं केलंस, माणूसच आहेस. स्वतःला लिहायला बसले की पेन थांबतं. पळवाट शोधतेय असं वाटतं. (आमच्या घरात स्वतःचे लाड म्हणजे गुन्हाच, ते वेगळं.) छातीवर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला गेले तर रडूच फुटतं.

कुणी हे केलंय का? सुरुवातीला असं उलट जास्तच दुखतं का, की माझंच काही चुकतंय? पत्र आईनं मला लिहिल्यासारखं लिहिलं तर चालेल? "विसरून जा, पुढे बघ" मात्र कृपया नको, ते घरचे रोज सांगतात.