खापरपणजोबांचा शोध : आधी चोपड्या उघडा

खापरपणजोबांची पेठेत अडत (दलालीवर माल विकण्याचा धंदा), 1885 च्या सुमारास ते म्युनिसिपालिटीत मेंबर. एवढ्याच माहितीवरून वंशावळ कशी लावायची, असा प्रश्न आला आहे. मेंबरकीसाठी मुंबई सरकारचं गॅझेट चाळाच, पण खरा ऐवज घरच्या मोडी लिपीतल्या हिशेबाच्या चोपड्यांत असतो. खतावणीत, म्हणजे माणसागणिक खाती मांडलेल्या वहीत, जावई-व्याह्यांची खाती सापडतात.

घोळ सनांचा होतो. इसवी सन काढायला शकात 78 मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. गुजराती-मारवाडी पेढीवर कार्तिकी संवत (दिवाळीला बदलणारा विक्रम संवत) असेल तर त्यातून दिवाळी ते डिसेंबर 57 वजा, पुढे 56.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे (यजमान घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्षेत्रातल्या पुरोहितांकडे) जाताना आडनावापेक्षा मूळ गाव पक्कं हवं. आजोबांचंच नाव नातवाला ठेवलेलं असतं, म्हणून बापाच्या नावाशिवाय नोंद जुळवू नका. दोन नोंदींत बाप वेगळा निघाला तर दत्तकपत्र शोधा.