'स्विच'ला मराठीत काय म्हणता? आणि फळीत नक्की किती जण?

सकाळचे सहा
राजेहो, एक अडचण झाली आहे. नागपुरातल्या आमच्या ग्राउंडवर संध्याकाळी सातवी-आठवीचे पोट्टे बास्केटबॉलला येतात, बहुतेक मराठी मिडियमचे, त्यांच्यासाठी डिफेन्सवर एक पान मराठीत लिहून राहिलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. स्विच, म्हणजे समोरच्याने स्क्रीन लावला, आपली वाट अडवून उभा राहिला, की तू माझा मॅन घे मी तुझा घेतो, याला मी लिहिलं 'बदल'. परवा प्रॅक्टिसमध्ये जोरात ओरडलो "बदल! बदल!" तर एक पोट्टं बिचारं सरळ बाहेर येऊन बेंचवर बसलं. त्याला वाटलं त्यालेच काढलं. तिकडे लेअप, रिंगजवळून सोपा बास्केट, होऊन गेला.

दुसरं लाइनअप, म्हणजे कोर्टावर उतरणारे पाच जण. मी थंडरवाला, म्हणजे एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ओक्लाहोमा टीमची मॅच पाहायला सकाळी सहाला उठणारा माणूस. त्यात लिहिलं होतं की 2025 च्या फायनलला पहिल्याच मॅचमध्ये कोचने उंच हार्टेनस्टाइनला बसवून त्याच्याहून बुटक्या केसन वॉलेसला सुरुवातीला उतरवलं, म्हणजे 'बुटकी फळी', आणि 111-110 ने हरलो, समोरच्या इंडियानाच्या हॅलिबर्टनने 0.3 सेकंद राहिले असताना बास्केट टाकला. (अजून दुखते.) चौथ्या मॅचला हार्टेनस्टाइन परत सुरुवातीला, 'उंच फळी', आणि जिंकलो. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, फळी म्हणजे पहिले तीन-चार बॅट्समन, अख्खी टीम कशी काय फळी होईल? आता सांगा.

शुद्ध सावजी
बाबा बरोबर आहेत. आघाडीची फळी, मधली फळी, बचावफळी. फळी हा टीमचा तुकडा आहे. पाचही जण मैदानात असतील तर तो 'संच'. तुमचा मूळ घोळ असा आहे की तुम्ही डिफेन्सला डिफेन्सच लिहिता आणि लाइनअपला मात्र मराठी शोधता. एक काय ते ठरवा.

तर्री एक्स्ट्रा
संच म्हणजे स्टीलच्या डब्यांचा असते न भाऊ 😄 रुखवतात ठेवतात तो

महालातली
फळी हा शब्द लढाईतला आहे, क्रिकेटवाल्यांनी नंतर उचलला. फळी धरणे, फळी फोडणे, म्हणजे सैनिकांची ओळ. माझं तर मत आहे की संस्कृत फलक म्हणजे ढाल, त्या ढाली एकीला एक लावून उभे राहिले की फळी. मग ओळीत तीन असोत की पाच, काय फरक पडते? उलट डिफेन्ससाठी याच्याहून चांगला शब्द नाही.

शुद्ध सावजी
फलक म्हणजे पाटी पण होते, ताई. दुकानाची फळी, मांडणीची फळी, सगळ्या त्यातूनच आल्या असतील. ढालीचा पुरावा काय?

महालातली
पुरावा मागाल तर अर्धी मराठी बंद पडेल.

खोखोवाली ताई
मी बारा वर्षं खो-खो खेळले, माझं ऐका. मैदानावरचा शब्द एका श्वासात ओरडता आला पाहिजे. 'खो' बघा ना, एक अक्षर, ऐकलं की पाय आपोआप उठतात. 'अदलाबदल' म्हणेपर्यंत तो पोट्टा रिंगखाली पोहोचते. तुम्ही 'घे!' ओरडा. स्क्रीन लागला की मागचा ओरडेल "घे!" आणि पुढचा घेईल. पानावर काय लिहायचं ते नंतर बघा.

तर्री एक्स्ट्रा
मॅन टू मॅनले काय लिहिलं? आमच्या वेळेस सर ओरडायचे "आपापला मॅन चिपकून राहा बे". आणि थंडरच्या त्या कारुसोने डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या मॅचला केलं तेच. डेन्व्हरचा जोकिच जवळजवळ सात फुटाचा, हा त्याच्यापेक्षा अर्धा फूट बुटका, तरी असा चिपकला की बस. 125-93!

शुद्ध सावजी
चिकटला. चिपकणे हिंदी आहे.

तर्री एक्स्ट्रा
मग 'बचाव' काय तुमच्या आजोबांच्या वाड्यातला आहे का? तोही हिंदीतूनच आला. आमच्या आजीले हिंदी येत नव्हती, तरी ती चिपकलाच म्हणायची. आणि फरक आहे, गोंद लावून चिकटते, घामेजलेला माणूस अंगाला चिपकते.

महालातली
बचाव हिंदी असेल पण 'वाचणे' आपलंच आहे आणि दोन्ही भाऊ-भाऊच वाटतात. वाचव आणि बचाव.

कोल्हापूरचा जावई
मॅन टू मॅनला 'गडी' घ्या की. ज्याचा त्याचा गडी. कबड्डीत गडी बाद होतोच. मुलींच्या टीमलासुद्धा चालेल, मॅन म्हटलं की माझी भाची विचारते मामा, मी कोणाला पकडू?

शुद्ध सावजी
हे मात्र आवडलं. आपला गडी धर.

वाडीवाला
आमच्याकडे गडी म्हणजे शेतावर ठेवलेला माणूस. "माझा गडी पळाला" म्हटलं की लोक विचारतील उचल किती दिली होती 😂

सकाळचे सहा
गडी चालेल असं वाटून राहिलं. ताईंचा 'घे' उद्या करून बघतो. पण झोनचं काय? मी लिहिलं 'विभागीय बचाव'.

तर्री एक्स्ट्रा
विभागीय म्हटलं की मानकापूरचं क्रीडा संकुल नाहीतर आयुक्त ऑफिस. पोट्टे अर्ज घेऊन येतील.

महालातली
'राखण'. आपापल्या वावराची राखण करतो तसं आपापल्या जागेची. झोन म्हणजे तेच न? माणूस नाही, जागा राखायची.

सकाळचे सहा
हो, अगदी तेच. दोन पुढे तीन मागे, जो तुझ्या वावरात शिरला तो तुझा. एनबीएत तर 2001 पर्यंत झोनला परवानगीच नव्हती, 2001-02 पासून दिली, आणि सोबत हेही ठेवलं की कोणाला धरलेलं नसताना रिंगसमोरच्या चौकटीत तीन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही. म्हणजे राखण करा पण मचाणावर बसून राहू नका.

खोखोवाली ताई
मचाण! हा शब्द पोरांना लगेच समजेल.

शुद्ध सावजी
शहरातल्या पोरांनी मचाण पाहिलं आहे का?

वाडीवाला
सगळ्यात मोठी गोष्ट कोणी बोललंच नाही. नागपुरात डिफेन्स म्हणजे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. आम्ही पत्ताच डिफेन्स सांगतो. माझी आत्या पहिल्यांदा मॅच पाहायला आली, तिकडून पोरं ओरडून राहिली "डिफेन्स! डिफेन्स!" तर ती म्हणते, ही सगळी वाडीकडचीच पोरं दिसतात.

तर्री एक्स्ट्रा
😂😂 हे खरं असेल तर पोहे माझ्याकडून

वाडीवाला
आईशपथ. आणि त्या क्वार्टरमधल्या कोर्टावर उन्हाळ्यात चार वाजता सिमेंट एवढं तापायचं की अनवाणी खेळणारा आपोआप झोन सोडून पळायचा.

महालातली
बर्डीवरून डिफेन्सची बस अजून जाते का हो? आमची मावशी राहायची तिकडे.

वाडीवाला
जाते न. पण आता मेट्रोने लोकमान्यनगरपर्यंत जा आणि पुढे ऑटो करा, बरं पडते.

कोल्हापूरचा जावई
'गडी'चं नक्की झालं ना? माझं मत असं आहे की गडावरचा तो गडी.

शुद्ध सावजी
पुरावा?

सकाळचे सहा
अरे बाप्पा, लाइनअपला फळी लिहू की संच, तेवढं तरी सांगा. पान उद्या द्यायचं आहे.

तर्री एक्स्ट्रा
पान कोणतं, साधं का मीठा?