शब्दचर्चा: ‘मूव्ह’ म्हणजे चाल, खेळी की डाव?

(सोंगटी, पदच्छेद, तालीम आणि घटकापात्र ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

सोंगटी

‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळाचं मूळ नियमांचं पान मराठीत करायचं आहे. बेकर दांपत्याचा हा खेळ २०१० साली आला, दुसरी आवृत्ती २०१६ ची. ‘डंजन वर्ल्ड’, ‘मॉन्स्टरहार्ट्स’ आणि पुढच्या कितीतरी खेळांनी याचाच साचा घेतला. त्यामुळे इथे शब्द नीट बसले तर ते इतर खेळांनाही चालतील.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चार-पाच जण, सहा बाजूंचे दोन फासे, प्रत्येकाला एक पान, पेन्सिली. पट नाही, सोंगट्या नाहीत, पाळीही नाही. एक जण जग चालवतो आणि बाकीचे एकेक पात्र बोलतात. जग मोडून पन्नासेक वर्षं झाली आहेत एवढंच आधी ठरलेलं असतं. गप्पांतून गोष्ट पुढे सरकते आणि काही ठरावीक गोष्ट घडली की फासे टाकायचे. आलेल्या आकड्यात पात्राच्या एखाद्या गुणाचा आकडा मिळवायचा. एकूण १० किंवा जास्त, ७ ते ९, आणि ६ किंवा कमी असे तीन निकाल.

‘असं घडलं, की फासे टाका, की त्याचं असं होतं’ या अख्ख्या जोडणीला मूळ नियमांत ‘मूव्ह’ म्हणतात. मसुद्यात ‘चाल’ लिहिलंय. वाचताना खटकतंय. काय म्हणावं?

पदच्छेद

खटकणारच. बुद्धिबळात आधी पाळी येते, मग समोरच्या पर्यायांतून एक चाल निवडायची. इथे क्रम उलटा आहे. आधी पात्र गोष्टीत काहीतरी करतं, मग टेबलाच्या लक्षात येतं की अरे, हा नियम लागू झाला. नियमाची दोन टोकं आहेत: फासे हवे असतील तर ती कृती प्रत्यक्ष करून दाखवावी लागते, आणि कृती केली की फासे टाळता येत नाहीत.

‘चाल’ लिहिलंत तर खेळणारा म्हणेल, “मी ‘माणूस ओळखणे’ ही चाल खेळतो.” यात पात्राने काय केलं? डोळ्यांत बघितलं, चहा पुढे केला, की मुद्दाम चुकीचं नाव घेऊन प्रतिक्रिया पाहिली? गोष्टीत काहीच घडलेलं नाही, तरी फासे हातात. नवख्या टेबलावर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ‘चाल’ हा शब्द तिला आमंत्रण देतो. अशा वेळी जग चालवणाऱ्याने लगेच विचारायचं, “म्हणजे नेमकं काय करतेस?” उत्तर मिळेपर्यंत फासे खाली.

‘खेळी’त वेगळी अडचण. खेळी म्हटलं की त्यात डोकं लढवलेलं असतं. गोळीबारात घाबरून दाराकडे पळणं ही खेळी नव्हे, तरी नियम लागू होतो.

तालीम

‘डाव’ घ्या, कुस्तीतला. ढाक, कलाजंग, धोबीपछाड यांना नावं आहेत, पण पैलवान नाव पुकारून डाव टाकत नाही. समोरच्याचा पाय पुढे आला, तोल सुटला, की डाव बसतो. म्हणजे आधी स्थिती, मग डाव. तुम्हाला हवी ती दोन टोकं इथे आयती मिळतात.

शिवाय क्रियापदं तयार आहेत. डाव लागला, डाव अडला, डाव उलटला. तिन्ही निकालांना एकेक. नव्या शब्दाला क्रियापद चिकटत नाही म्हणून तो तोंडात बसत नाही. या शब्दाला ती अडचणच नाही.

सोंगटी

‘डाव’चे इतर अर्थ आड येतील का? एक डाव खेळू, क्रिकेटमधला पहिला डाव, डाव साधणे, आणि आमटी वाढायचा डावही.

तालीम

आमटीचा डाव कोणी इथे आणणार नाही. ‘एक डाव खेळू’ मात्र खरंच गोंधळ करेल, कारण हा खेळ एका बैठकीत संपत नाही. त्यासाठी ‘बैठक’ हाच शब्द ठेवा. तीन-चार तासांची एक बैठक, तिच्यात पंचवीस-तीस डाव. दोन शब्दांच्या हद्दी पानाच्या सुरुवातीलाच आखून द्या.

पदच्छेद

‘डाव’ला माझी हरकत नाही. ज्या घटनेमुळे डाव सुरू होतो तिला ‘अट’ म्हणू नका, ‘निमित्त’ म्हणा. अट पुरी करायची असते, निमित्त घडतं.

एक मात्र जपा. जग चालवणाऱ्याच्या कृतींनाही मूळ नियम ‘मूव्ह’च म्हणतात, आणि कुस्तीच्या ओघात त्यांना ‘तोड’ म्हणायचा मोह होईल. तसं करू नका. त्या कृती फक्त कोणाच्या डावाला उत्तर म्हणून येत नाहीत. कोणाचा आकडा ६ किंवा खाली आला, सगळे ‘आता काय?’ म्हणून जग चालवणाऱ्याकडे बघू लागले, किंवा खेळणाऱ्याने स्वतःहून आयती संधी दिली, तर त्या येतात. त्यांना फासे लागत नाहीत. हा माणूस अख्ख्या खेळात एकदाही फासे टाकत नाही, हे पानावर ठळक लिहा.

घटकापात्र

मग त्या माणसाला काय म्हणणार? ‘सूत्रधार’ लिहिलं असेल तर बदला. संगीत नाटकातल्या सूत्रधाराला पुढे काय होणार ते ठाऊक असतं, दोऱ्या त्याच्या हातात असतात. इथे गोष्टीचा शेवट आधी ठरवायला नियमच मनाई करतात; काय होतं ते बघण्यासाठी खेळायचं, असं मूळ सूत्र आहे. मूळ पदनाम समारंभ चालवणाऱ्याचं आहे, आणि मराठी कार्यक्रमात त्याला आपण ‘सूत्रसंचालक’ म्हणतोच. पुढच्याला माइक देणं, कोण गप्प बसलंय ते पाहणं, ओघ टिकवणं, ही कामंही तीच.

दशावताराचं उदाहरण इथे अनेकदा दिलं जातं. ते अर्धंच लागू आहे. दशावतारात संवाद तिथल्या तिथे सुचतात, पण आख्यान ठरलेलं असतं. इथे आख्यानही मोकळं.

सोंगटी

‘सूत्रसंचालक’ पक्कं. आता ७ ते ९. ‘अर्धवट यश’ लिहिलंय.

पदच्छेद

ते आधी खोडा. ७ ते ९ हा मूळ नियमांत ‘हिट’च आहे, म्हणजे डाव लागलेला आहे. ‘अर्धवट’ लिहिलं की सूत्रसंचालक खेळणाऱ्याला त्याने मागितलेली गोष्टच अर्धी देतो: कुलूप निम्मं उघडलं, माणसाने निम्मं सांगितलं. यातून गोष्ट पुढे जात नाही, तिथेच फिरत राहते. कुलूप पूर्ण उघडायला हवं. त्याची किंमत वेगळीकडे पडायला हवी: पहारेकऱ्याने आवाज ऐकला, किंवा हत्यार कुलपात अडकून राहिलं.

हा निकाल किती वेळा येतो तेही पाहा. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ७, ८ आणि ९ मिळून १५ जोड्या देतात. गुण शून्य असेल तर ६ आणि खालच्याही १५, आणि १० किंवा जास्तच्या फक्त ६. गुण +१ असेल तर वाटणी १०, १६, १० अशी होते. गुण +२ असला तरी ७ ते ९ च्या १५ जोड्या कायम राहतात. म्हणजे साधारण पाचात दोन वेळा हाच निकाल येतो. खेळाचा सगळा जीव या मधल्या पट्ट्यात आहे, तेव्हा त्याचा शब्द चुकून चालणार नाही.

तालीम

मग माझं ‘डाव अडला’ही मागे घेतो. ‘पदरमोड’ कसं वाटतं? काम होतं, पण पदरचं घालून.

घटकापात्र

फार छान. टेबलावर मात्र पुकारायला दोन अक्षरी शब्द लागतो. ‘सौदा’ म्हणा. “आठ. सौदा!” म्हटलं की सूत्रसंचालकाला आपोआप कळतं की आता काहीतरी पुढे करायचं आहे. स्पष्टीकरणात ‘पदरमोड’, हाक मारायला ‘सौदा’.

पदच्छेद

आणि ६ किंवा कमीला ‘अपयश’ लिहू नका. नियम एवढंच म्हणतो की आता सूत्रसंचालक हवी तेवढी कडक कृती करू शकतो. कधीकधी काम होतं आणि त्यातूनच मोठं संकट उभं राहतं. ‘उलटला’ इथे बरोबर बसतं. “काही झालं नाही” हे उत्तर मात्र कधीच चालत नाही.

तालीम

‘दान’ आणि ‘एकूण’ वेगळे ठेवा. सोंगट्यांच्या खेळात फाशांवर जे पडतं ते दान. इथे दानात गुण मिळवल्यावर निकाल. नवखे लोक नुसत्या दानावरून निकाल वाचतात: ६ पडले, ‘धीर’ हा गुण +२, आणि हिरमुसून फासे उचलतात. खरं तर तो ८, म्हणजे सौदा. मोठ्याने बोलायची सवय लावा: “दान सहा, धीर दोन, एकूण आठ.”

सोंगटी

गुणांची नावं तुम्हीच काढलीत. पाच आहेत: कूल, हार्ड, हॉट, शार्प, वीअर्ड. धीर, खमकेपणा, मोहिनी, चाणाक्षपणा, गूढ. चालेल?

पदच्छेद

‘खमकेपणा’ आणि ‘चाणाक्षपणा’ पानावरच्या चौकोनात मावणार नाहीत. पहिल्यासाठी ‘जरब’ घ्या. शार्पसाठी ‘नजर’. धीर, जरब, मोहिनी, नजर, गूढ. बेरीज करताना “नजर एक” पटकन म्हणता येतं.

घटकापात्र

इजेच्या घड्याळाबद्दल, म्हणजे पात्राला झालेली इजा नोंदवायच्या वर्तुळाबद्दल. वर्तुळात सहा घरं असतात आणि खुणा ३, ६, ९, १०, ११, १२ अशा. शेवटची तीन घरं मुद्दाम लहान काढतात. चित्र करताना सहा सारखे भाग करू नका, नाहीतर नियम दिसणार नाही. ६ पर्यंतची इजा वेळेने आपोआप भरते, ६ ते ९ मधली आहे तशी राहते, आणि ९ च्या पुढे गेलेली उपचार न झाल्यास वाढत जाते. इजा मोजताना आधी चिलखत वजा: ३ इजेचं हत्यार, १ चिलखत, तर दोन घरं भरायची.

घरासाठी शब्द ‘घटका’ घ्या. पाण्यावर ठेवलेलं भोकाचं पात्र हळूहळू भरत जातं आणि शेवटी बुडतं. ‘घटका भरली’ तिथूनच आलं. “दोन घटका भर” म्हटलं की खेळणारा पेन्सिल उचलेल.

सोंगटी

‘ॲक्ट अंडर फायर’ या डावाचा मसुदा असा होतोय:

*धगीत उभं राहणे. धग लागत असताना काही केलंत किंवा तग धरलात, तर फासे टाका + धीर. १० किंवा जास्त: ते जमतं. ७ ते ९, सौदा: तुम्ही बिचकता, कचरता किंवा अडखळता, सूत्रसंचालक वाईट परिणाम, महागडा व्यवहार किंवा नकोसा पर्याय पुढे करू शकतो.*

पदच्छेद

‘धग’ उत्तम. आग अंगाला लागलेली नाही पण जाणवते आहे, हे त्यात येतं, आणि गोळीबाराइतकाच तो शब्द सासऱ्यांसमोर खोटं बोलण्यालाही लागू पडतो. नाव मात्र ‘धगीत’ एवढंच ठेवा. ‘उभं राहणे’ म्हटलं की पळणाऱ्याला वाटेल हा डाव आपला नाही. आणि मसुद्यात ६ किंवा कमीची ओळच नाही. पहिल्या आवृत्तीत ती गृहीत होती. मराठी पानावर प्रत्येक डावाखाली लिहा: *उलटला, तर सूत्रसंचालकाची कृती.*